पाण्यातील पारा आणि जलवनस्पती : शोषलेल्या विषाचे पुढे काय?

उत्तर प्रदेशातील सोनभद्र आणि मध्य प्रदेशातील सिंगरौली या लगतच्या जिल्ह्यांत पसरलेला गोविंद वल्लभ पंत सागर हा जलाशय रिहंद नदीवरील धरणामुळे १९६२ मध्ये अस्तित्वात आला. दगडी कोळशाच्या खाणी, त्या कोळशावर चालणारी मोठी औष्णिक विद्युत केंद्रे, रेणुकूट येथील ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक सोड्याचे कारखाने असा उद्योगांचा विळखा या जलाशयाभोवती पडत गेला. देशाची ऊर्जा राजधानी असा सिंगरौलीचा गौरव केला जातो. याच परिसरातील पाणी, गाळ आणि मासे यांमध्ये पारा आढळत असल्याचे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे.

दिल्लीस्थित विज्ञान आणि पर्यावरण केंद्र या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, सोनभद्र जिल्ह्यात तपासलेल्या रक्ताच्या नमुन्यांपैकी ८४ टक्के नमुन्यांमध्ये पाऱ्याचे प्रमाण सुरक्षित मर्यादेपेक्षा अधिक होते. नमुन्यांची संख्या मोठी नव्हती, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. मात्र डिबुलगंज येथील हातपंपाच्या पाण्यात आढळलेला पारा पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने घालून दिलेल्या मर्यादेच्या २६ पट होता. ही मर्यादा लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा हजारावा भाग, इतकी आहे.

पाण्यात विरळ प्रमाणात पसरलेला हा पारा काढावयाचा कसा, या प्रश्नाच्या उत्तरादाखल गेल्या काही दशकांत जलवनस्पतींचे नाव वारंवार घेतले जाते. पाण्यावर तरंगणाऱ्या किंवा पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतींकरवी विषारी द्रव्ये शोषून घेण्याच्या या पद्धतीस फायटोरेमेडिएशन, मराठीत वनस्पतीय शुद्धीकरण, असे म्हणतात. ही पद्धत स्वस्त आहे, तिला वीज लागत नाही आणि ती निसर्गाच्या जवळची आहे, असे तिच्या समर्थनार्थ सांगितले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु वृत्तांमध्ये 'वनस्पतीने पारा नष्ट केला' अशी जी वाक्यरचना नेहमी आढळते, ती मुळातच चुकीची आहे. पारा हे मूलद्रव्य आहे. त्याचे रूप बदलते, जागा बदलते. तो नष्ट होत नाही.

पारा पाण्यात येतो कोठून?

कोळशात पाऱ्याचा अंश अत्यल्प असतो. परंतु एखाद्या मोठ्या विद्युत केंद्रात वर्षाला लक्षावधी टन कोळसा जळतो, तेव्हा हा अंश अत्यल्प राहत नाही. भट्टीच्या उष्णतेत पाऱ्याची वाफ होते. काही भाग धुराड्यातून हवेत जातो आणि पुढे पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर जमिनीवर उतरतो. काही भाग राखेला चिकटून राहतो आणि राखेच्या पातळ गाळासह राखतळ्यांत सोडला जातो. दुसरा स्रोत कॉस्टिक सोड्याच्या जुन्या कारखान्यांचा. मिठाच्या द्रावणातून वीज सोडून कॉस्टिक सोडा व क्लोरिन तयार करताना जुन्या तंत्रात विद्युतअग्र म्हणून द्रवरूप पारा वापरला जात असे आणि त्यातील काही पारा सांडपाण्याबरोबर बाहेर पडत असे. भारतात २००३ च्या पर्यावरण सनदेनुसार हे तंत्र सोडून पटल तंत्राकडे वळण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. पूर्वी साठलेला पारा मात्र गाळात शिल्लक आहे.

गाळातील पारा तेथेच पडून राहिला असता, तर प्रश्न इतका गंभीर झाला नसता. प्राणवायू कमी असलेल्या गाळात राहणारे काही जिवाणू अकार्बनी पाऱ्याचे रूपांतर मिथाइल मर्क्युरी या सेंद्रिय संयुगात करतात. हे काम जिवाणूंमधील कोणत्या दोन जनुकांमुळे होते, याचा उलगडा अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१३ मध्ये केला. मिथाइल मर्क्युरी शरीरात सहज शोषले जाते आणि हळूहळू बाहेर पडते. सूक्ष्म जीवांपासून लहान माशांत, तेथून मोठ्या माशांत आणि शेवटी मासे खाणाऱ्या माणसांत त्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढत जाते. गर्भवतीच्या शरीरातून ते गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचते.

जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाता या किनारी शहरात १९५६ मध्ये अधिकृतरीत्या नोंदला गेलेला आजार हा याच संयुगाचा परिणाम होता. रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यातून उपसागरात गेलेले विष माशांवाटे मच्छीमार कुटुंबांच्या ताटात आले. दूषित गाळ उपसून आणि भराव घालून बंदिस्त करण्याचे काम १९७७ ते १९९० अशी १४ वर्षे चालले. सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हाताळण्यात आला आणि त्यातून ५८ हेक्टरचा भराव तयार झाला. इतका खर्च प्रत्येक तलावासाठी करणे कोणत्याही देशाला शक्य नाही. वनस्पतींकडे आशेने पाहिले जाते, त्यामागे हे कारण आहे.

मुळांशी काय घडते?

पाण्यावर तरंगणाऱ्या जलपर्णीची मुळे पिसांसारखी, असंख्य तंतूंची बनलेली असतात. मातीचा आधार नसल्याने सर्व अन्नद्रव्ये ती पाण्यातूनच घेते. ही मुळे गाळणीप्रमाणे काम करतात. पाऱ्याचे धनभारित आयन प्रथम मुळांच्या पेशीभित्तिकांना चिकटतात. पाण्यात तरंगणारे, पाऱ्याने माखलेले मातीचे सूक्ष्म कणही मुळांच्या जाळ्यात अडकतात. त्यानंतर काही पारा पेशींच्या आत शिरतो.

पाऱ्याला गंधकाचे विलक्षण आकर्षण असते. प्राणी असो वा वनस्पती, गंधकयुक्त प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बंद पाडणे हीच त्याच्या विषारीपणाची रीत आहे. वनस्पतींचा बचावही गंधकाच्याच साहाय्याने होतो. ग्लुटाथायोन आणि त्यापासून बनणारी फायटोकेलॅटिन ही गंधकयुक्त लहान साखळीची संयुगे पाऱ्याला बांधून टाकतात आणि पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे एका अर्थाने कोठारात, नेऊन ठेवतात. बहुतांश पारा मुळांमध्येच राहतो. देठ आणि पानांपर्यंत त्याचा थोडाच भाग पोहोचतो. व्यवहाराच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. पाण्यावर दिसणारा हिरवा भाग कापून नेला आणि मुळे पाण्यातच राहिली, तर शुद्धीकरण झाले असे म्हणता येणार नाही.

जलपर्णीचा असा उपयोग करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेच्या मिसिसिपी राज्यातील केंद्रात बिल वॉल्व्हर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये जलपर्णी आणि अन्य एका जलतणाच्या साहाय्याने पाण्यातील शिसे व पारा काढण्याचे प्रयोग केले होते. दीर्घ अंतराळ प्रवासात सांडपाणी पुन्हा वापरता यावे, हा या केंद्रातील संशोधनामागील एक विचार होता.

येथे नावांविषयी एक खुलासा आवश्यक वाटतो. मराठीत जिला जलपर्णी म्हणतात, त्या जांभळ्या फुलांच्या, फुगीर देठाच्या वनस्पतीला हिंदीत जलकुंभी म्हटले जाते. आयुर्वेदाच्या ग्रंथांमधील जलकुंभी किंवा कुंभिका ही मात्र वेगळी, कोबीच्या लहान गड्ड्यासारखी दिसणारी पिस्टिया ही वनस्पती आहे. दोन्ही पाण्यावर तरंगतात आणि दोहोंवर धातुशोषणाचे प्रयोग झालेले आहेत. हिंदी वृत्तावरून मराठी मजकूर तयार करताना या दोहोंची गल्लत सहज होते. वाचकांनीही अशा बातम्या वाचताना वनस्पती नेमकी कोणती, हे पडताळून पाहणे इष्ट.

अझोलाचे प्रयोग आणि टक्केवारीचा अर्थ

सिंगरौली परिसराच्या संदर्भात काशी हिंदू विश्वविद्यालयाशी संबंधित संशोधकांनी २००८ आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केलेले अभ्यास उल्लेखनीय आहेत. यांपैकी एकात अझोला पिनाटा ही तरंगणारी लहान नेचेवर्गीय वनस्पती वापरण्यात आली; दुसऱ्यात तिची तुलना व्हॅलिस्नेरिया या पाण्याखाली वाढणाऱ्या, लांब फितीसारख्या पानांच्या वनस्पतीशी करण्यात आली. अझोला भातशेतीत नत्र पुरविणारी आणि जनावरांना पूरक खाद्य म्हणून दिली जाणारी वनस्पती असल्याने ती शेतकऱ्यांच्या परिचयाची आहे. तिच्या पानांच्या पोकळीत राहणारे निळे-हिरवे शैवाल हवेतील नत्र स्थिर करते, त्यामुळे निकस पाण्यातही ती वाढते.

नियंत्रित टाक्यांमधील प्रयोगात १३ दिवसांनंतर पाण्यातील पारा आणि कॅडमियमचे प्रमाण ७० ते ९४ टक्क्यांपर्यंत घटल्याचे आढळले. त्याच वेळी लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम पारा असलेल्या पाण्यात अझोलाची वाढ सुमारे एक तृतीयांशाने खुंटली. जी वनस्पती विष शोषते, तिलाही ते विष बाधते, हे या दुसऱ्या निष्कर्षावरून स्पष्ट होते.

वृत्तांत ९० टक्क्यांसारखा आकडा पहिल्या ओळीत येतो आणि तेथेच थांबतो. त्याचा अर्थ मात्र पुढे आहे. लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम पारा असलेल्या पाण्यातून ९० टक्के पारा काढला, तरी ०.०५ मिलिग्रॅम उरतो आणि तो पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेच्या ५० पट असतो. म्हणजे असे पाणी पिण्यायोग्य झाले, असे समजता येत नाही. दुसरे असे की, प्रत्यक्ष जलाशयातील पाण्यात पारा प्रयोगातील टाकीपेक्षा कितीतरी विरळ असतो, पाणी खोल असते, ते वाहते आणि तळाच्या गाळातून पारा पुन्हा पाण्यात मिसळत राहतो. टाकीतील टक्केवारी जशीच्या तशी जलाशयास लावता येत नाही. ही पद्धत खरी उपयोगी ठरू शकते ती खाणीच्या किंवा राखतळ्याच्या सांडपाण्यावर, ते नदीत मिसळण्यापूर्वी, उथळ आणि बंदिस्त तळ्यांच्या मालिकेतून ते संथपणे वाहू दिले तर. घन सांडपाण्यासाठी सक्रिय कोळसा, आयन विनिमय किंवा गंधकयुक्त संयुगांद्वारे साका बनविण्याच्या रासायनिक पद्धती आधी वापरून त्यांच्यानंतरची पायरी म्हणून वनस्पतींची योजना करणे अधिक युक्त ठरते.

जलपर्णीच्या मुळांखाली

या विषयाची एक बाजू लोकप्रिय लेखनात जवळजवळ येतच नाही. ब्राझीलमधील उष्णकटिबंधीय सरोवरे आणि पूरमैदाने यांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी २००० पासून प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांत असे दाखवून दिले की, तरंगणाऱ्या वनस्पतींच्या मुळांच्या दाट जाळ्यात पाऱ्याचे मिथाइल मर्क्युरीमध्ये रूपांतर होते आणि त्याचा वेग तळाच्या गाळापेक्षाही अधिक असतो. कारण समजण्यासारखे आहे. मुळांच्या गुंत्यात कुजणारे सेंद्रिय द्रव्य, कमी प्राणवायू आणि गंधकावर जगणारे जिवाणू हे सर्व एकत्र असते. आणि तेथेच मुळांनी ओढून घेतलेला पाराही जमा झालेला असतो. हीच मुळे लहान जलचरांचे आणि माशांच्या पिल्लांचे आश्रयस्थान असतात.

म्हणजे पारा शोषणारी जलपर्णी वेळेवर बाहेर काढली नाही, तर ती पाऱ्याला अधिक घातक रूप देऊन माशांच्या तोंडाशी नेऊन ठेवू शकते. प्रदूषित तलावात आपोआप माजलेली जलपर्णी ही तलाव स्वच्छ करीत आहे, असा युक्तिवाद कधी कधी केला जातो. त्यास या निष्कर्षांमुळे आधार उरत नाही. ठरावीक काळाने, मुळांसकट काढणी होत असेल तरच ती शुद्धीकरणाची पद्धत. अन्यथा तो पाण्यावर साचलेला दूषित थर.

काढणीचे गणित

दाट वाढलेल्या एक हेक्टर जलपर्णीचे ओले वजन २०० टनांच्या आसपास भरू शकते. त्यातील सुमारे ९५ टक्के पाणी. म्हणजे वाळवल्यानंतर हाती १० टन काडीकचरा उरतो. समजा, त्याच्या प्रत्येक किलोमागे एक मिलिग्रॅम पारा आहे. तर त्या संपूर्ण हेक्टरमधून १० ग्रॅम पारा बाहेर आला. ताप मोजण्याच्या जुन्या तापमापीत साधारणतः एक ग्रॅम पारा असे. दहा तापमापींएवढ्या पाऱ्यासाठी २०० टन वनस्पती पाण्यातून ओढणे, वाहून नेणे आणि पसरून वाळवणे आवश्यक ठरते. हे उदाहरण कल्पित असले, तरी खर्चाचा खरा भार वनस्पती वाढविण्यात नसून तिच्या काढणीत आहे, हे त्यावरून ध्यानात यावे. ती तर आपोआप वाढते. अनुकूल हवामानात जलपर्णीचा विस्तार साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतो. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीने बंगालचे जलमार्ग असे काही अडविले की, तिच्या निर्मूलनासाठी १९३६ मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला होता. स्वच्छ तलावात ती हेतुपुरस्सर सोडणे हा शहाणपणा ठरणार नाही.

वाळलेल्या काडीकचऱ्याचे पुढे काय करावयाचे, हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. उघड्यावरील आगीचे तापमान याहून बरेच अधिक असते. वाळलेली जलपर्णी काठावरच पेटविली, तर त्यातील पारा वाफ होऊन हवेत जातो आणि यथावकाश पावसाबरोबर त्याच परिसरात परत येतो. खत केले तर तो शेतात जातो. जैववायू प्रकल्पात घातले तर तो मुख्यतः उरलेल्या मळीत राहतो आणि ती मळीही बहुधा शेतातच टाकली जाते. देशात जलपर्णीपासून खत, चटया, टोपल्या आणि कागद बनविण्याचे उपक्रम अनेक ठिकाणी चालतात व ते स्वागतार्ह आहेत. परंतु पारा शोषण्यासाठी वापरलेली वनस्पती या मार्गांवर येता कामा नये. ती घातक कचरा म्हणून हाताळावी लागते. बाष्प पकडण्याची यंत्रणा असलेल्या बंदिस्त भट्टीत तिच्यावर प्रक्रिया करणे किंवा अस्तर घातलेल्या सुरक्षित भरावात ती पुरणे, हे उपलब्ध पर्याय आहेत. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्यासाठी अशा सामाईक सुविधा आहेत.

अझोलाच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. जनावरांना अझोला देणाऱ्या पशुपालकांनी ती स्वच्छ पाण्याच्या स्वतंत्र वाफ्यातच वाढवावी. उद्योगांचे सांडपाणी मिसळणाऱ्या नाल्यातून किंवा तलावातून उचललेली अझोला, डकवीड किंवा जलपर्णी गोठ्यात नेऊ नये.

जनुकीय मार्ग

काही जिवाणू पाऱ्याच्या संयुगांचे विघटन करून त्याचे तुलनेने कमी विषारी अशा वाफेत रूपांतर करतात. या जिवाणूंमधील जनुक वनस्पतीत घालण्याचा प्रयोग अमेरिकेतील जॉर्जिया विद्यापीठात रिचर्ड मेघर यांच्या गटाने १९९६ मध्ये यशस्वी केला. पुढे दोन जनुके एकत्र घातलेल्या वनस्पती मिथाइल मर्क्युरीलाही तोंड देऊ शकतात, असे दिसून आले. खाऱ्या दलदलीत वाढणाऱ्या गवतावरही असे काम झाले आहे. अशा वनस्पतींमध्ये पारा साठून राहत नाही, तो पानांवाटे हवेत जातो. काढणीचा प्रश्न त्यामुळे सुटतो खरा. पण पाण्यातील पारा हवेत सोडण्यास शुद्धीकरण म्हणावे काय, हा आक्षेप पहिल्या प्रयोगापासून घेतला जात आहे आणि तो रास्त आहे.

स्रोत बंद करण्याचे प्रयत्न

पाऱ्याच्या वापरावर आणि उत्सर्जनावर नियंत्रण आणणारा मिनामाता करार ऑक्टोबर २०१३ मध्ये जपानमध्ये स्वीकारण्यात आला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. भारताने २०१४ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली आणि जून २०१८ मध्ये त्यास मान्यता दिली. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक विद्युत केंद्रांच्या धुरातील पाऱ्यासाठी घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅम ही मर्यादा प्रथमच निश्चित केली. राखतळ्याच्या काठावर कितीही अझोला वाढविली, तरी धुराड्यातून पारा येतच राहिला तर ती पुरी पडणार नाही. सिंगरौलीत म्हणूनच वनस्पतींपेक्षा या मर्यादेच्या अंमलबजावणीस अधिक महत्त्व आहे.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे झाल्यास उल्हास नदीच्या मुखाचे उदाहरण बोलके आहे. कल्याण परिसरातील औद्योगिक पट्ट्याचे सांडपाणी दीर्घकाळ स्वीकारलेल्या या खाडीच्या गाळात पारा साठला असल्याची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मुंबई केंद्रातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात केली आहे. वरच्या गोड्या पाण्यात दर वर्षी जलपर्णी माजते आणि पावसाळ्यात पुराबरोबर खाडीकडे वाहत जाते. खारे पाणी तिला सोसत नाही. ती तेथे मरते, कुजते आणि मुळांनी वाटेत जे काही धातू गोळा केले असतील, ते खाडीच्या त्याच गाळात उतरतात. उल्हासमधील जलपर्णी काढावयाची असेल, तर पाऊस सुरू होण्यापूर्वी, मुळांसकट काढावयास हवी. आणि ती खतासाठी देण्याआधी मुळांमधील पाऱ्याची तपासणी व्हावयास हवी.